पुरा झेंडा

माहीनच्या हातात कातर दिसली आणि अशरफभाईंच्या छातीत धस्स झालं.

तसा माणूस भित्रा नव्हे हो. जूनमध्ये इराणच्या लढाईमुळे एक दिवस विमानं बंद झाली, कुवेतमधली त्यांची सालमियाची सगळी बिल्डिंग पाण्याच्या बाटल्या आणि तांदळाच्या गोण्या वर चढवायला लागली, तेव्हा हे बहात्तर वर्षांचे गृहस्थ गॅलरीत बसून चहात बिस्कीट बुडवत होते. "पळापळ आम्ही एकदा करून चुकलोय, आता ज्यानं त्यानं आपापली करा," म्हणाले. आणि आज तेच नातीच्या हातातल्या कातरीला घाबरले. कारण कातरीखाली ती गोधडी होती.

"माहीन! ठेव ती. ठेव म्हणतो ना!"

"नाना, रिलॅक्स. एकच साइड ओपन करतेय."

तेरा वर्षांची पोर. तिच्या शाळेत प्रदर्शन होतं: घरातली एक वस्तू आणि तिच्यात सापडणारा जगाचा इतिहास. तिच्या वाट्याला शीतयुद्ध आलं होतं. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया, अणुबॉम्ब उशाशी घेऊन पंचेचाळीस वर्षं एकमेकांवर डोळे वटारून बसलेले दोन दांडगे. वर्गातल्या बाकीच्या मुलांना वस्तू सापडेना, आणि हिच्या घरात ती कपाटात घडी घालून ठेवलेली. माहीनची आई झरीन, अशरफभाईंची एकुलती एक लेक, लहानपणापासून ऐकत आली होती की एकोणीसशे नव्वद साली कुवेतमधून पळताना तिला ज्या गोधडीवर निजवलं होतं, तिच्या पोटात अमेरिकेच्या उसवलेल्या झेंड्यांच्या पट्ट्या आहेत. त्या काढून तक्त्यावर लावायच्या, एवढंच माहीनचं म्हणणं.

पण लेकीला सांगितलेलं अर्धंच होतं. गोधडीत नुसत्या पट्ट्या नव्हत्या. एक अख्खा झेंडा होता, आणि तो तिथं कुणी ठेवला हे जगात एकट्या अशरफभाईंना ठाऊक होतं. गोधडी उघडली की झरीनला कळणार होतं, बापानं आपल्याला कशावर झोपवून बंदुकांसमोरून नेलं.

"अब्बा, एवढं काय?" झरीन स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "अम्मीला जाऊन दोन वर्षं झाली. गोधडी आपोआपच फाटत चालली आहे. तुम्ही कुणाला हात लावू देत नाही, स्वतः शिवत नाही. उघडू द्या की तिला."

अशरफभाईंनी माहीनच्या हातातून कातर घेतली. मांडीवर गोधडी ओढली.

"उघडीन मी," ते म्हणाले. "पण आधी ऐक. मग बापाशी बोलायचं की नाय ते ठरव."

आता ते काय बोलले हे समजायचं तर आधी माणूस समजायला हवा.

दाभोळचा अशरफ सोलकर बाविसाव्या वर्षी कुवेतला आला तो मिरकाबमधल्या एका दुकानात. दुकान जहाजांना सामान पुरवायचं, आणि त्याच्या पोटमाळ्यावर झेंडे शिवायचं काम चाले. जहाज म्हटलं की झेंडे आलेच. मागे स्वतःच्या देशाचा, पुढे ज्या बंदरात शिरायचं त्या देशाचा, आणि खारा वारा असा की दोन महिन्यांत त्याच्या चिंध्या. अशरफला शिकवणारा उस्ताद सुरतेचा म्हातारा होता, खडूस, दिवसाला वीस विड्या ओढणारा, पण कामात देव. त्याचा एक नियम होता. "अर्धा झेंडा म्हणजे कापड," तो म्हणे, "पण पुरा झेंडा म्हणजे अमानत. शेवटची गाठ मारलीस की तो तुझा नाही. त्याला उसवायचं नाही, कापायचं नाही, जमिनीला लागू द्यायचं नाही. कुणाचाही असो." अशरफनं ते शब्द गाठीला बांधले. शेवटची गाठ तो खालच्या कोपऱ्यात मारायचा, दुहेरी, दातानं ओढून. ती त्याची सही.

सत्त्याऐंशी साली गंमत झाली. इराण आणि इराक लढत होते, आखातात तेलाची जहाजं पेटत होती. कुवेतनं काय केलं, दोन्ही दांडग्यांना एकाच वेळी मदतीला बोलावलं. रशियाची तीन जहाजं भाड्यानं घेतली आणि स्वतःच्या अकरा जहाजांवर अमेरिकेचा झेंडा चढवला. अमेरिका-रशियाचं भांडण अख्ख्या जगात गाजत होतं, आणि इकडे मिरकाबच्या पोटमाळ्यावर एकाच टेबलावर दोघांचे झेंडे शिवले जात होते. सकाळी विळा-हातोडा, जेवणानंतर तारे-पट्टे. लाल कापडाचा तागा एकच! त्यातलाच मोठा तुकडा कापून रशियाचं अंग आणि त्यातल्याच पट्ट्या अमेरिकेला. अशरफची बायको शहरबानू डबा घेऊन यायची, ते बघून हसायची. "अवो, ह्यांना सांगा कुणीतरी," म्हणायची, "दोघांचा कपडा एकाच दुकानातला हाय म्हणून." अशरफ आपल्या टिपेची बढाई मारायला लागला की तिचं दुसरं वाक्य ठरलेलं असे: "उसवायला बसलं की कळतं शिलाई कुणाची ती."

मग नव्वदचा ऑगस्ट आला, आणि एका पहाटे इराकचे रणगाडे कुवेतच्या रस्त्यांवर उभे राहिले. दुकानाचा मालक सौदीला निघून गेला. अशरफ, शहरबानू आणि सहा महिन्यांची झरीन मिरकाबच्या दोन खोल्यांत अडकले. सैनिक घरोघर झडत्या घेत होते. शेजारच्या गल्लीत एका माणसाकडे अमेरिकेचा झेंडा छापलेला नुसता कागद सापडला तर त्याला गाडीत घालून नेलं, तो परत आला नाही. आणि अशरफच्या पोटमाळ्यावर जुलैच्या ऑर्डरीचे अमेरिकेचे सहा झेंडे होते. पाच अर्धवट. एक पुरा.

जाळावेत तर धूर दिसणार. फेकावेत तर कचऱ्यात सापडणार. त्यानं दुपारी शटर आतून ओढून घेतलं आणि उसवायला बसला. अंगातून घामाच्या धारा, बाहेर बुटांचे आवाज, आणि हा ब्लेडनं तारे सोडवतोय. एकेका झेंड्याला दोन्ही बाजू मिळून शंभर तारे! बोटं सोलली. चार दिवसांत पाच झेंड्यांचं कापड झालं. ताऱ्यांचा त्यानं कातरून भुगा केला, निळं कापड बारीक बारीक केलं. पट्ट्या नुसत्या पट्ट्या राहिल्या, लाल आणि पांढऱ्या, कुणालाही न ओळखू येणाऱ्या.

सहावा हातात घेतला आणि हात थांबला. त्या कोपऱ्यातली दुहेरी गाठ त्याच्याकडे बघत होती. आयुष्यात शिवलेल्या झेंड्यांमधला सर्वांत सुबक तो. पन्नास तारे, एकाचंही टोक वाकडं नाही. आणि उस्तादाचा शब्द. ब्लेड त्यानं तीनदा गाठीला लावलं आणि तीनदा मागे घेतलं. ह्याला शहाणपण म्हणायचं की माज? अशरफभाईंनी त्याला पस्तीस वर्षं माजच म्हटलं, मनातल्या मनात, रोज.

शहरबानूला त्यानं सांगितलं, सहाही उसवले. लेकीसाठी गोधडी करू, पट्ट्या तिच्यात जातील. थर त्यानंच लावले. तळाला जुनी चादर, वर पट्ट्या आणि भुगा, त्यावर घडी घातलेला पुरा झेंडा, वर पुन्हा चादर. कडा स्वतः मशीनवर टाचल्या आणि हाताचे धावते टाके घालायला गोधडी बायकोकडे दिली. दोन दिवस ती टाके घालत होती. अशरफ तिच्या बोटांकडे चोरून बघायचा. तिला काही लागतंय का, काही कळतंय का? ती आपली मान खाली घालून गाणं गुणगुणत होती.

सप्टेंबरात हिंदुस्थानी लोकांच्या बसेस सुटायला लागल्या. बसरा, बगदाद, तिथून जॉर्डनला अम्मान, अम्मानहून विमानानं मुंबई. निघायच्या आदल्या दिवशी शहरबानूनं दाभोळहून आणलेले सुके बोंबील तव्यावर टाकले आणि साफ जाळले. बिल्डिंगभर धूर, असा वास की खालचे-वरचे सगळे दारात आले. सैनिकांचा फेरा असताना! अशरफ भडकला. चार माणसांत तिला नाही नाही ते बोलला: अक्कल गहाण टाकलीस काय, आपल्याला मारायला निघालीस काय. ती काळा पडलेला तवा घासत राहिली. त्यात सामान बांधताना तिची लग्नातली हिरवी ओढणी कुठं सापडेना. त्यावरूनही तो बोलला. "राहिली असेल हितंच कुठंतरी," ती म्हणाली.

आणि स्वतः अशरफनं काय केलं? सामानाच्या अगदी वर रशियाचा एक पुरा लाल झेंडा ठेवला. हे शहाणपण! इराकचे रणगाडे रशियाचे, बंदुका रशियाच्या, म्हणजे रशिया त्यांचा दोस्त. अमेरिका आणि रशिया म्हणजे जन्माच्या सवती. एकीची वस्तू लपवायची तर दुसरीची मिरवायची. पंधरा वर्षं झेंडे शिवलेल्या माणसाला जगाचं राजकारण एवढं तर कळतंच, असं त्याला वाटलं.

इराकमध्ये शिरताच तपासणीच्या चौकीवर बस थांबली. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. सगळ्यांना खाली उतरवलं, पिशव्या रस्त्यावर उघडायला लावल्या. शहरबानू बसच्या सावलीत बसली, मांडीवर गोधडी, गोधडीवर झरीन. अधिकारी अशरफच्या पिशवीपाशी आला, त्याला लाल कापड दिसलं. अशरफ हसला. "दोस्त," तो अरबीत म्हणाला, "रशिया तुमचा दोस्त."

अधिकाऱ्यानं त्याच्या कानशिलात अशी भडकावली की तो गुडघ्यावर आला.

"कसला दोस्त? रेडिओ ऐकला नाहीस? तुझा हा दोस्त परवा अमेरिकेच्या मांडीला मांडी लावून बसला. दोघांनी मिळून आम्हाला निघून जा म्हणून सांगितलं!"

अशरफच्या डोक्यात काही शिरेना. पंचेचाळीस वर्षांचं भांडण, आणि ते मिटायला ह्यांना हाच आठवडा सापडला? ज्याला ढाल म्हणून वर ठेवलं तेच गळ्यात आलं होतं.

"फाड," अधिकारी म्हणाला.

अशरफनं झेंडा दोन्ही हातांत धरून ओढला. फाटेना. समुद्राच्या वाऱ्याला टिकावी म्हणून घातलेली त्याचीच टीप, दुहेरी, दुमडून. त्यानं पाय लावून ओढला. सैनिक आधी हसले. मग हसायचे थांबले.

"फाडायचा नाही तुला," अधिकारी हळू आवाजात म्हणाला आणि त्याचा हात कमरेला गेला.

अशरफनं एकदाच वळून झरीनकडे बघितलं. मग खालचा कोपरा तोंडात घातला. ती गाठ कुठं आहे हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत असणार? त्यानं ती दातानं तोडली, दोरा खेचला, आणि कडा सुटल्याबरोबर झेंडा टर्रकन फाटला. तोंडात दोरा आणि रक्त आलं होतं. उस्तादाचा शब्द तिथंच, त्या डांबरावर पडला. आणि लगेच दुसरा विचार आला, तो ह्याहून वाईट: हे एवढ्या सहज करता येत होतं तर पोटमाळ्यावर का नाही केलं मी?

"सगळं उघडा ह्यांचं," अधिकारी ओरडला. "त्या बाईची गोधडी बघ."

एक सैनिक शहरबानूकडे गेला. अशरफच्या कानात नुसती शीळ वाजत होती. सैनिकाच्या बंदुकीला पुढे पातं होतं. एक टोचा, आणि पांढऱ्या चादरीतून निळं कापड दिसलं असतं. आणि शहरबानू? ती शांत. सकाळपासून बसमध्ये पाणी नव्हतं, पोरीचं सगळं त्याच गोधडीत झालेलं. तिनं झरीनला खांद्यावर घेतलं आणि ती घाणीनं भरलेली गोधडी उचलून सरळ त्या सैनिकाच्या छातीला लावली. "घे," ती म्हणाली, "बघ आणि धुवून पण दे." त्याला मराठी काय कळणार, पण वास कळला. तो तोबा तोबा करत चार पावलं मागे सरला. मागचे हसले. अधिकाऱ्यानं हात झटकला. बस सुटली.

अम्मानपर्यंत अशरफ चोरून शहरबानूकडे बघत होता. बिचारीला काही माहीत नाही म्हणून शांत राहिली, असं त्याच्या मनात येत होतं. माहीत असतं तर ती घाबरली असती आणि आपण तिघं मेलो असतो.

पुढे ब्याण्णवमध्ये ते कुवेतला परत आले. तोवर सोव्हिएत रशिया हा देशच उरला नव्हता. पोटमाळ्यावर विळ्या-हातोड्याचे नऊ झेंडे धूळ खात पडले होते, घ्यायला कुणी नाही. महिन्याभरानं नव्या रशियाची ऑर्डर आली, पांढरा, निळा, लाल. लाल कापड त्याच ताग्यातलं निघालं. बाकी आयुष्य तसं सरळ गेलं. पण शहरबानूला सांगायचं राहिलं ते राहिलंच. अगदी शेवटी, इस्पितळात, त्यानं तिचा हात धरून म्हटलं होतं, "बानू, त्या गोधडीत..." तर तिनं डोळे न उघडता म्हटलं, "गप ऱ्हावा. आता उसवू नका काय." दमली असेल, असं त्याला वाटलं.

एवढं सगळं अशरफभाई झरीनकडे न बघता बोलले. बोलून झाल्यावरही मान वर केली नाही.

"माझ्या खाली?" झरीनचा आवाज चिरकला. "सात महिन्यांची होते मी. अब्बा, माझ्या खाली ठेवलात?"

"हां."

"एका झेंड्यासाठी?"

"हां गो. एका गाठीसाठी."

झरीन उठून खिडकीपाशी गेली. माहीन कधी आईकडे, कधी नानांकडे बघत होती. प्रदर्शन ती विसरून गेली होती. अशरफभाईंनी कातर उचलली. डाव्या कडेला त्यांनी मशीनवर टाचलेलं होतं, ते त्यांना अजून आठवत होतं. पण तिथं मशीनची टीप नव्हती. हाताचे टाके होते, बारीक, तिरके, शहरबानूचे.

ते थबकले. मग भराभर उसवायला लागले. चादर बाजूला झाली. मधल्या थरात, त्यांनी घातली होती तेवढीच, तशीच चौकोनी घडी. फक्त ती निळी नव्हती, लालही नव्हती. हिरवी होती. कडेला जरीची किनार, काळी पडलेली.

"ही तर अम्मीची लग्नातली ओढणी," झरीन मागून म्हणाली. ती कधी जवळ आली कळलं नव्हतं. "ही तेव्हा हरवली होती ना?"

अशरफभाईंनी ओढणी पूर्ण उलगडली. मग ती झटकली. मग पट्ट्यांचा थर उचलून बघितला, तळाच्या चादरीवर हात फिरवला. झेंडा नव्हता. कुवेत सोडतानाच नव्हता. गोधडीला हात लागल्यावर जाडी तेवढीच भरावी, नवऱ्याला शंका येऊ नये, म्हणून तिनं स्वतःची ओढणी घालून तोंड शिवून टाकलं होतं, आणि चौकीवर ती शांत होती.

"मग झेंडा कुठं गेला, नाना?" माहीननं विचारलं.

अशरफभाईंनी ओढणी तोंडाला लावली. त्यांचे खांदे हलायला लागले तशी झरीन खाली बसली आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"जाळला तिनं," ते कसेबसे म्हणाले. "धुराचा वास कळू नये म्हणून बोंबील टाकले तव्यावर. आणि मी... मी तिला चार माणसांत बोललो गो. बोंबील जाळलेस म्हणून बोललो."